क्षय आणि एच.आय.व्ही. : एका जोडदुखण्याचा इतिहास

आपली वैतरणा नदी त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, मोखाडा-वाड्याच्या रानातून वळणं घेत खाली उतरते आणि अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. तिचं पाणी मुंबई शहराने फार पूर्वीपासून हेरून ठेवलं आहे. १९५७ साली मोडकसागर बांधून झाला, २०१४ साली मध्य वैतरणा धरण पुरं झालं. पाणी ज्या दिशेने गेलं त्याच दिशेने माणसंही गेली. दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कुटुंबं बिऱ्हाड डोक्यावर घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. उलट दिशेने, बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत परराज्यांतून कामगार येतात. शेजारून मुंबई-अहमदाबादचा महामार्ग मनोर, चारोटी, तलासरीवरून रात्रंदिवस धावत असतो आणि रेल्वे तर दीडशे वर्षांहून जुनी. असा हा येण्याजाण्याचा मुलूख आहे. येणाऱ्याजाणाऱ्या माणसांबरोबर मजुरी येते, धान्य येतं, नवी भाषा येते, आणि दुखणीही येतात.

अशा दोन दुखण्यांची हकीकत आज सांगायची आहे. एक क्षय, दुसरं एच.आय.व्ही. मी इतिहासाचा अध्यापक, वैद्य नव्हे. तेव्हा औषधाची मात्रा मी सांगणार नाही. ते काम डॉक्टरांचं. परंतु ही दोन दुखणी एका शरीरात भेटली म्हणजे काय होतं, हे माणसाला कसकसं कळत गेलं, हा इतिहासाचाच एक धडा आहे. आणि तो आपल्या गावाच्या फार जवळचा आहे.

जुना पाहुणा

क्षय आपल्याला नवा नाही. आयुर्वेदात त्याला राजयक्ष्मा म्हटलं आहे. खुद्द चंद्राला ह्या रोगाने गाठलं अशी पुराणातली कथा आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. मराठ्यांच्या इतिहासात तर ह्या रोगाचं नाव फार दुःखाने घ्यावं लागतं. पानिपतानंतर राज्याची विस्कटलेली घडी ज्याने बसवली तो थोरला माधवराव पेशवा १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे राजयक्ष्म्याने गेला. वय अवघं सत्तावीस. पुढे १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला वैद्यकाची पदवी मिळवून परत आलेल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ह्याच रोगाने वारल्या. त्यांना बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

आनंदीबाई गेल्या त्याच्या पाचच वर्षं आधी, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख ह्या जर्मन डॉक्टरने क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं. जंतू सापडला म्हणजे कोडं सुटलं असं लोकांना वाटलं. पण तसं झालं नाही. त्यातून एक नवंच कोडं पुढे आलं. १९०७-०८ च्या सुमारास पिर्के आणि मांतू ह्या दोन डॉक्टरांनी कातडीवर ट्यूबरक्युलिन टोचून पाहण्याची परीक्षा बसवली. ह्या परीक्षेत असं दिसू लागलं की धडधाकट दिसणाऱ्या, कधीही न खोकणाऱ्या असंख्य माणसांच्या अंगातही क्षयाचा जंतू शिरून गेलेला असतो. मग ती आजारी का पडत नाहीत? एकाच घरात, एकाच हवेत राहणाऱ्या दोन भावांपैकी एक अंथरूण धरतो आणि दुसरा नांगर धरतो, हे कसं?

ह्या प्रश्नाचं उत्तर शरीराच्या राखणीत आहे. ते आपण आपल्या गावगाड्याच्या भाषेत समजून घेऊ या.

कोंडवाडा

मोकाट गुरं पिकात शिरली की पूर्वी त्यांना कोंडवाड्यात घालीत. मारून टाकीत नसत, मोकळीही सोडीत नसत. शरीर क्षयाच्या जंतूचं नेमकं हेच करतं. जंतू श्वासाबरोबर फुप्फुसात शिरला की तेथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. पण हा जंतू चिवट. पोटात जाऊनही तो मरत नाही. मग गिळणाऱ्या पेशींच्या भोवती आणखी पेशी जमतात, भिंत उभी राहते आणि जंतू एका बारीक गाठीत कोंडला जातो. ही गाठ म्हणजे शरीरातला कोंडवाडा. वर्षानुवर्षं जंतू तेथे पडून राहतो. अशा माणसाला आजार नसतो आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही.

परंतु कोंडवाड्याला राखणदार लागतोच. भिंत एकदा बांधली आणि विसरून गेलो असं चालत नाही. ही राखण ज्यांच्या हुकमाने चालते त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना डॉक्टर लोक सी.डी. फोर पेशी म्हणतात. आपण त्यांना जागल्या म्हणू. हा जागल्या स्वतः जंतूला खात नाही. तो हाकारा घालतो. त्याने गॅमा इंटरफेरॉन नावाचं द्रव्य सोडलं की भक्षक पेशींच्या अंगात बळ येतं आणि पोटातला जंतू त्या दाबून धरतात. जागल्याचा आवाज बंद झाला की भक्षक पेशी सुस्तावतात, भिंत ढासळते आणि कोंडलेली गुरं पुन्हा पिकात शिरतात.

ज्यांची राखण शाबूत आहे अशा, जंतू बाळगणाऱ्या शंभर माणसांपैकी पाच ते दहा जणांनाच उभ्या आयुष्यात कधीतरी क्षय होतो. उपासमार, मधुमेह, दारू, तंबाखू आणि भट्टीचा धूर ह्यांनी राखण ढिली पडते आणि हा आकडा वाढतो. म्हणूनच क्षय हा गरिबाचा रोग म्हटला गेला.

औषधं सापडेपर्यंत मोकळी हवा, दूध-अंडी आणि विश्रांती हाच उपाय होता. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, १९५२ साली आयसोनायझिड आलं. १९५६ साली मद्रासला क्षयावरच्या औषधोपचाराचं संशोधन केंद्र निघालं आणि १९५९ साली तेथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की झोपडीत राहणारा गरीब रुग्ण घरीच नियमाने औषध घेईल तर आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णाइतकाच बरा होतो आणि त्याच्या घरच्यांनाही जास्त धोका पोचत नाही. साऱ्या जगाने हा धडा भारताकडून घेतला. १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. आता क्षय आटोक्यात येणार, अशी आशा वाटू लागली.

नवा पाहुणा

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या एका सरकारी आरोग्य-पत्रिकेत एक लहानसं टिपण छापून आलं. लॉस एंजेलिस शहरातल्या पाच तरुणांना एका विचित्र प्रकारचा न्यूमोनिया झाला होता. ज्यांची राखण पार कोसळली आहे अशांनाच तो होतो. एड्स ह्या रोगाची ती पहिली नोंद. १९८३ साली पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी त्याचा विषाणू शोधला. पुढच्याच वर्षी, १९८४ साली, कळलं की हा विषाणू शिरतो तो नेमका सी.डी. फोर पेशीत. म्हणजे चोराने घर फोडायला सुरुवात केली ती जागल्यालाच धरून. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कोणाकडे मागावी, अशी गत झाली.

भारतात हा विषाणू १९८६ साली आढळला. तो शोधून काढण्यात एका मराठी घरातल्या बाईंचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. डॉक्टर सुनीती सॉलोमन ह्या माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत. आपल्या देशात हा रोग नाही, असं त्या वेळी बहुतेक सगळे मानीत होते. बाईंनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासायला लावलं. नमुने वेल्लोरला नेऊन तपासले आणि त्यांतले सहा सदोष निघाले. नंतर अमेरिकेतही त्याची खात्री करून घेतली गेली. विधानसभेत ही बातमी जाहीर झाली तेव्हा देशभर खळबळ माजली. पुढे १९९३ साली सुनीतीबाईंनी वडिलांच्या नावाने, म्हणजे वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने, एड्सच्या रुग्णांसाठी संस्था काढली. लोक ज्यांना शिवायला तयार नव्हते अशांना त्यांनी दारात घेतलं. २०१५ साली त्या निवर्तल्या.

दरम्यान १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली.

गाठ पडली

आता ह्या दोन पाहुण्यांची गाठ कशी पडली ते पाहू. १९८४ साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या डॉक्टरांना दिसलं की हैती देशातून आलेल्या गरीब स्थलांतरितांना एड्सबरोबर क्षयही फार होतो. अमेरिकेतल्या गोऱ्या रुग्णांत तो इतका नव्हता. कारण उघड होतं. ज्यांच्या अंगात कोंडवाडे होते त्यांचेच कोंडवाडे फुटले. पण हे नक्की मोजलं कोणी नव्हतं.

ते मोजलं गेलं १९८९ साली, न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात. तेथल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात येणाऱ्या ५२० माणसांवर डॉक्टरांनी लक्ष ठेवलं. ज्यांच्या अंगात एच.आय.व्ही. होता आणि ट्यूबरक्युलिनच्या परीक्षेने क्षयाचा जंतूही दाखवला होता, अशांत वर्षाला शंभरामागे जवळजवळ आठ जणांना क्षय झाला. श्रोतेहो, ह्या आकड्याकडे नीट लक्ष द्या. एच.आय.व्ही. नसलेल्याला जो धोका उभ्या आयुष्यात आहे तोच धोका एच.आय.व्ही. असून औषध न घेणाऱ्याला दर वर्षी आहे.

सुरुवातीला डॉक्टरांची समजूत अशी होती की जागले फार कमी झाल्यावरच, म्हणजे शेवटी शेवटी, हा धोका येत असेल. ही समजूत दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींनी मोडली. त्या खाणींत दूरदूरच्या खेड्यांतून पुरुष मजुरीला येतात आणि सुटीला घरी परततात, आपल्या भट्ट्यांसारखंच. २००५ साली तेथल्या कामगारांची पाहणी प्रसिद्ध झाली. एच.आय.व्ही. अंगात शिरल्यावर पहिल्याच वर्षात क्षयाचं प्रमाण दुप्पट झालेलं दिसलं. तेव्हा जागल्यांची एकूण संख्या तर फारशी घटलेली नसते! मग असं का व्हावं? त्याचा खुलासा २००८ साली टांझानियातल्या अभ्यासाने झाला. गावात जागले पुष्कळ असतात, पण प्रत्येकाची ओळख वेगळी. कोणी ह्या जंतूला ओळखतो, कोणी त्या. त्यांतले क्षयाच्या जंतूला ओळखणारे जागले विषाणूच्या हाती अगदी आधी सापडतात. हजेरीपटावर नावं पुष्कळ दिसतात, पण नेमका हवा तो माणूस जागेवर नसतो.

हाकारा शत्रूच्या कामी

येथवरची हकीकत एका बाजूची झाली. एच.आय.व्ही.ने क्षयाला वाट करून दिली, हे समजायला सोपं आहे. दुसरी बाजू अधिक चमत्कारिक आहे, आणि ती कळायला वेळ लागला. क्षयही एच.आय.व्ही.ला बळ देतो.

ते असं. एच.आय.व्ही. हा विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. तो पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्राने आपल्या नकला काढून घेतो. पण पेशी झोपलेली असेल तर तिचं यंत्रही बंद असतं आणि विषाणू गप्प पडून राहतो. संकटाची चाहूल लागली, पेशी जागी झाली, की यंत्र सुरू होतं. पेशीत त्यासाठी एक कळ असते. ती दाबली म्हणजे शरीराच्या राखणीची द्रव्यं तयार होऊ लागतात. १९८७ साली नेबल आणि बाल्टिमोर ह्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवलं की विषाणूने आपल्या नकला सुरू करण्यासाठी नेमकी तीच कळ वापरली आहे. राखणीची कळ आणि विषाणूची कळ एकच!

आता क्षयाचा जंतू काय करतो पहा. तो कोंडवाडा फोडून बाहेर आला की शरीरभर हाकारा होतो. जागले धावत जमा होतात. प्रत्येक जागा झालेला जागल्या म्हणजे विषाणूला एक नवं चालू यंत्र. ज्या जागी जंतू आहे त्याच जागी विषाणूला हवं ते खाद्य गोळा होतं. शरीर जितकं प्राणपणाने क्षयाशी झुंजतं तितक्या एच.आय.व्ही.च्या नकला वाढतात, त्या नकला आणखी जागल्यांना गाठतात, जागले कमी झाले की क्षय आणखी पसरतो आणि पुन्हा हाकारा होतो. तेल्याच्या घाण्याला जुंपलेल्या बैलासारखं हे फिरत राहतं.

१९९५-९६ साली अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी हे रुग्णांच्या रक्तात मोजून दाखवलं. ज्यांना आधीच एच.आय.व्ही. होता अशांना क्षय झाला तेव्हा रक्तातला विषाणू पाच पटींपासून थेट एकशे साठ पटींपर्यंत वाढलेला आढळला. १९९५ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात असं दिसलं की जागल्यांची संख्या सारखीच असलेल्या एच.आय.व्ही.च्या दोन रुग्णांपैकी ज्याला क्षयही झाला त्याच्या मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट होता. म्हणजे क्षय बरा केला नाही तर एच.आय.व्ही. वेगाने पुढे सरकतो. दोन्ही रोगांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो, तो ह्यासाठी.

दोन खिडक्या

आता इतिहासाच्या अध्यापकाला ज्या गोष्टीचं खरं वाईट वाटतं ती सांगतो. शरीरात ही दोन दुखणी एकमेकांचा हात धरून चालत होती, पण सरकारदरबारी त्यांच्या खिडक्या वेगळ्या होत्या. क्षयाचा कार्यक्रम १९६२ पासूनचा, एड्सचा १९९२ पासूनचा. कागद वेगळे, डॉक्टर वेगळे, मोजणी वेगळी. रुग्ण मात्र एकच. तो ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत राहिला. २००१ साली महाराष्ट्रासह सहा राज्यांत दोन्ही कार्यक्रमांची सांगड घालायला सुरुवात झाली. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाला एच.आय.व्ही.ची तपासणी सुचवायची आणि एच.आय.व्ही.च्या प्रत्येक रुग्णाला खोकला-ताप विचारायचा, अशी रीत हळूहळू बसली.

ही रीत का हवी, ते रोगाच्या वागण्यातच आहे. नेहमीच्या क्षयात फुप्फुसाला भोक पडतं, थुंकीतून जंतू भरपूर पडतात आणि दुर्बिणीखाली सहज दिसतात. हे भोक पडतं तेही राखणीच्या झुंजीमुळेच. जागलेच नाहीत तेथे झुंज नाही, झुंज नाही तेथे भोक नाही, आणि म्हणून थुंकीत जंतूही थोडे. थुंकी निर्दोष निघते, क्ष-किरणाचं चित्र साधं दिसतं, ट्यूबरक्युलिनची परीक्षाही मुकी राहते, कारण ती परीक्षा म्हणजे जागल्यांना मारलेली हाकच असते. रोग मात्र आत मानेच्या गाठींत, पोटात, मेंदूच्या आवरणात पसरत असतो. जुन्या परीक्षांनी कित्येक माणसं अशी ‘क्षय नाही’ म्हणून घरी पाठवली गेली असतील. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने जंतूची जनुकं ओळखणाऱ्या नव्या यंत्राला मान्यता दिली, तेव्हा ह्या अडचणीवर बरीचशी मात झाली. आज ही तपासणी सरकारी दवाखान्यांमार्फत फुकट होते.

औषधाने बिघडलं?

एच.आय.व्ही.वरची औषधं सरकारने १ एप्रिल २००४ पासून फुकट द्यायला सुरुवात केली. पहिल्या केंद्रांत मुंबईचं जे.जे. रुग्णालय होतं. पूर्वी जागले अमुक इतके कमी झाल्याशिवाय औषध मिळत नसे. २०१७ पासून तपासणीत दोष निघाला की लगेच औषध सुरू करतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवायला हवी, कारण तिच्यापायी माणसं औषध सोडतात. एच.आय.व्ही.ची गोळी सुरू झाली की विषाणू दबतो, जागले परत येऊ लागतात आणि आत दडलेला क्षयाचा जंतू त्यांना दिसतो. मग ते एकदम झुंजू लागतात. ताप चढतो, मानेच्या गाठी सुजतात, कधी दम लागतो. घरचे म्हणतात, ‘बघा, गोळ्या घेतल्या आणि माणूस बिघडला.’ वास्तविक तो बिघडलेला नसतो. त्याचे राखणदार परतलेले असतात आणि त्यांची धुमश्चक्री चाललेली असते. हे दुखणं कधी कधी जिवावर बेतू शकतं, म्हणून ताबडतोब डॉक्टरला दाखवावं. पण आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

ह्या भीतीपायी पूर्वी डॉक्टरही दोन्ही औषधं एकदम द्यायला कचरत. आधी क्षय उरकू, मग एच.आय.व्ही. पाहू, असा विचार होता. २०११ साली कंबोडिया देशातल्या ६६१ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. हे सगळे राखण फार खालावलेले रुग्ण होते. क्षयाच्या उपचारानंतर दोनच आठवड्यांनी ज्यांना एच.आय.व्ही.चं औषध दिलं त्यांच्यात शंभरी अठरा मृत्यू झाले. आठ आठवडे थांबलेल्यांत सत्तावीस. थांबण्याची किंमत अशी मोजून मिळाली. मेंदूच्या क्षयात मात्र घाई बाधते, म्हणून वेळ ठरवायची ती डॉक्टरनेच.

आणि औषध अर्धवट सोडण्याची किंमत? ती २००६ साली जगापुढे आली. दक्षिण आफ्रिकेतल्या टुगेला फेरी ह्या खेड्यातल्या रुग्णालयात जवळजवळ कोणत्याच औषधाला न जुमानणारा क्षय ५३ जणांत सापडला. त्यांतले ५२ दगावले. ज्या ४४ जणांची एच.आय.व्ही.ची तपासणी झाली होती ते सर्वच्या सर्व बाधित होते. उपचार अर्धवट राहिले की असा हट्टी जंतू तयार होतो आणि राखण कोसळलेल्या माणसांत तो एकाकडून दुसऱ्याकडे वणव्यासारखा पसरतो.

आपल्या खोऱ्यात

आता हा सगळा इतिहास वैतरणेच्या काठी आणून पाहू. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. वीटभट्टीचा हंगामही दिवाळीपासून ज्येष्ठापर्यंत, म्हणजे सहासात महिन्यांचा. पाड्यावर असताना ज्याचं औषध सुरू झालं तो महिन्या-दोन महिन्यांत बरं वाटलं की भट्टीवर जातो. खोकला थांबलेला असतो, अंगात जरा जोर आलेला असतो, आणि मुकादमाची उचल फेडायची असते. कार्ड घरी कुडाच्या भिंतीत खोचलेलं राहतं. आळस किंवा अडाणीपणा म्हणून त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पोटाचा आणि औषधाचा हंगाम एकच पडला, हे त्याचं कारण आहे. त्यावर उपाय आहे. रुग्णाची नोंद सरकारच्या निक्षय यादीत क्रमांकाने झालेली असते, आणि निघण्यापूर्वी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात सांगितलं तर जेथे जाल तेथल्या केंद्रातून तेच औषध पुढे चालू होतं. क्षयाच्या रुग्णाला आहारासाठी २०१८ पासून महिना पाचशे रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले आहेत. हा पैसा त्याच्या हक्काचा आहे.

एच.आय.व्ही. असलेल्याला अजून क्षय झाला नसेल तर तो होऊ नये म्हणूनही औषध आहे. रोग अंगात नाही याची खात्री करून डॉक्टर ते देतात. क्षयाच्या रुग्णाच्या घरातल्या लहान मुलांनाही ते मिळतं. कोंडवाड्याची भिंत पडायची वाट न पाहता आधीच डागडुजी करण्यातला हा प्रकार आहे.

शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द वेगळे सांगायचे आहेत. गावात दवाखान्याआधी शाळा असते, आणि कोणत्या घरात खोकला चालला आहे हे मास्तरांना मुलांच्या हजेरीवरून कळतं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप असेल, वजन उतरत असेल, तर थुंकी तपासायला पाठवा. एच.आय.व्ही. असलेल्याला तर एका दिवसाचा खोकलाही दाखवायला सांगा. परंतु कोणाला कोणतं दुखणं आहे याची चौकशी चावडीवर करू नका. २०१७ साली झालेला आणि सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला एच.आय.व्ही.विषयक कायदा सांगतो की माणसाच्या संमतीवाचून ही तपासणी करता येत नाही, त्याचं नाव फोडता येत नाही, आणि ह्या कारणाने मुलाला शाळेतून किंवा माणसाला कामावरून दूर करता येत नाही. कायदा नसता तरी हेच शहाणपणाचं होतं. नाव फुटेल ह्या भीतीने जो माणूस एका खिडकीवर जात नाही, तो दुसऱ्या खिडकीवरही अर्धंच सांगतो. मग डॉक्टरला अर्धा रोग दिसतो, आणि उरलेला अर्धा त्याचा जीव घेतो.

२०२३ साली जगात क्षयाने साडेबारा लाख माणसं गेली. त्यांपैकी १ लाख ६१ हजार जणांना एच.आय.व्ही. होता. दोन्हींवर औषध आहे, दोन्ही औषधं आपल्याकडे फुकट मिळतात. माधवरावांच्या वेळी वैद्यांपाशी उपाय नव्हता, आनंदीबाईंच्या वेळी जंतू ठाऊक होता पण औषध नव्हतं. आपल्यापाशी दोन्ही आहे. ज्याला क्षय आहे त्याने एच.आय.व्ही.ची तपासणी करून घ्यावी, ज्याला एच.आय.व्ही. आहे त्याने खोकला अंगावर काढू नये, आणि हाती घेतलेलं औषध पुरं करावं. हंगाम संपवून पाड्यावर परतणारा प्रत्येक माणूस औषधाचा पुरा झालेला कागद घेऊन परतला, तर शंभर वर्षांच्या ह्या इतिहासाचं आपण चीज केलं असं होईल.